मामांनी बंद पाडलेली कार्डं

एटीएममध्ये कुणी नंबर दाबायला लागलं की मामा मशीनकडं पाठ करून कानांत बोटं घालायचे. नुसती पाठ करून भागलं नसतं, कारण आमचे खातेदार आकडा मोठ्यानं म्हणत म्हणत दाबायचे. "मला कळला तर उद्या माझ्यावरच संशय घ्याल," मामा सांगायचे, "आन् घ्यायलाच पायजे."

केजच्या एका सहकारी बँकेत मी कारकून होतो आणि मामा आमच्या एटीएमचे चौकीदार. बँकेचं नाव सांगत नाही, माझी ठेव अजून तिथंच आहे. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं आणि नेमकं त्याच वर्षी संचालकांनी हे मशीन बसवलं. त्या उन्हाळ्यात मशीनपेक्षा तिथल्या एसीला जास्त गिऱ्हाईक होतं. "कार्ड असंल तर आत, न्हाई तर लिंबाखाली," असं म्हणत मामा लोकांना बाहेर काढायचे. एसीचं ठिबकणारं पाणी ते बादलीत धरून शेळीसाठी घरी न्यायचे. हे पाणी बँकेच्या मालकीचं आहे, असं मॅनेजरसाहेब एकदा म्हणाले. मामांनी तसं लेखी मागितलं. विषय तिथंच संपला.

मामा चौथी शिकलेले, पण कार्डाचं शास्त्र त्यांना आम्हा पगारी शहाण्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. एका गुरुजींना क्रेडिट कार्डाचा मोह झाला होता. मामांनी त्यांना बाकावर बसवून समजावलं, "गुर्जी, डेबिट म्हंजी आपल्या घरच्या रांजणातलं पाणी. क्रेडिट म्हंजी टँकरवाल्याचं. पिताना दोनी सारखंच लागतंय." गुरुजी अर्ज घडी करून खिशात घालून गेले.

आता माझा पराक्रम सांगतो. कार्डं वाटली तेव्हा नंबर बंद लिफाफ्यात यायचा. लोक तो माझ्यापुढंच फोडायचे आणि वाचून दाखवा म्हणायचे. कोण किती वेळा वाचणार? मी प्रत्येकाच्या कार्डाच्या पाकिटावर बॉलपेननं ठळक मराठी आकड्यांत नंबर लिहून दिला आणि स्वतःवर खूश झालो. मामांनी एक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सायब, कुलपालाच किल्ली बांधून दिली की तुमी." मला राग आला. चौकीदारानं कारकुनाला शिकवायचं म्हणजे काय!

दिवाळी झाली. ऊसतोडीचे ट्रक निघायचे दिवस आले आणि त्याच आठवड्यात दुष्काळाचं अनुदान खात्यांत जमा झालं. नेकनूरकडची एक बाई सकाळीच आली. परवा ट्रक निघणार होता. घरी सासू आणि दोन पोरं मागं राहणार होती, त्यांच्या हातात हे पैसे ठेवून तिला जायचं होतं. पण तिच्याजवळ कार्डच नव्हतं. टोळीतल्या सगळ्यांची कार्डं मुकादमानं गोळा केली होती, उचल दिलीय त्याची हमी म्हणून, आणि दुपारी तो स्वतःच पैसे काढायला येणार होता. "नंबर पाठ हाय माझा," ती मामांना म्हणाली, "नुसत्या नंबरावर न्हाई का निघत?"

मामांनी कान झाकले आणि तिला दुपारपर्यंत लिंबाखाली थांबायला सांगितलं.

दुपारी मुकादम आला. रुमालात बांधलेली अकरा कार्डं, प्रत्येकाच्या पाकिटावर माझं सुवाच्य अक्षर. ट्रकभर माणसं हाकणारा हा गडी त्या चार बटणांपुढं मात्र घामाघूम व्हायचा. त्यानं मामांना फर्मावलं, मी आकडे वाचतो, तुम्ही दाबा. आजवर कुणाच्या कार्डाला बोट न लावलेले मामा मुकाट्यानं पुढं झाले. मी काचेतून बघत होतो. चला, आता हेही विकले गेले, असं माझ्या मनात आलं.

मामांनी तेहेतीस वेळा चुकीचा नंबर दाबला. एकेका कार्डाला तीनदा. तीनदा चुकलं की कार्ड बंद, आणि ते पुन्हा चालू करायला खातेदारानंच शाखेत यायचं, हा नियम मुकादमाला ठाऊक नव्हता. "कावून निघंना पैसे?" तो ओरडला. मामा म्हणाले, "दुष्काळ हाय. मशीनलाबी लागला असंल."

संध्याकाळपर्यंत अकराही जण माझ्या टेबलापुढं, मुकादमानंच कार्डं हातात देऊन पाठवलेले. अर्ज, अंगठे, नवे नंबर. या वेळी मी पाकिटावर काही लिहिलं नाही.

मुकादम एका संचालकाचा माणूस निघाला. चौकीदारानं खातेदारांची कार्डं हाताळली, अशी तक्रार त्याच संध्याकाळी आली. ती खरीच होती. मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, तू पाहिलंस का? मी पाहिलं म्हणालो. का हाताळली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नोकरी होती ना मला. आज लाज वाटते. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली फक्त रिकामी बादली होती.

त्या दिवशी दुपारी नेकनूरकडची बाई आली. मशीनपाशी एकटीच गेली, बराच वेळ लावला आणि पैसे कमरेला खोचून बाहेर आली. हातात पावती होती. मामा कुठं गेले, म्हणून विचारू लागली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पैसे काढले होते, ते तिला त्यांना दाखवायचं होतं.

मी म्हणालो, बदली झाली. आणि मग, का कोण जाणे, हात पुढं केला. "बघू, मला दाखवा."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, पावतीची बारीक घडी केली आणि मुठीत धरली.

"तुमाला न्हाई," ती म्हणाली, आणि जीपकडं चालू लागली.