पिवळ्या ठिपक्याला नख

२०१७ साली रानशेतच्या एका पाड्यावर एलईडीचे सोलर दिवे फुकट वाटले गेले, तेव्हा मला पहिली शंका आली ती ‘फुकट’ याचीच. आमच्या डहाणूच्या कार्यकर्त्यांच्या गटाची पत्रकं मी लिहायचे. एक दिवा मागून आणला, झाकण काढलं आणि चिकू तयार झालाय का हे बघायला आपण नख लावतो, तसं आतल्या पिवळ्या ठिपक्याला नख लावलं. पिवळं खरवडून निघालं आणि खालून भगभगीत निळा उजेड आला. मी हादरलेच. पांढरा म्हणून दिलेला दिवा निळा! वरून पावडर फासलेली! लगेच पत्रक काढलं: ‘पिवळा मुलामा, निळी लबाडी. झाकण काढा, नख लावा, स्वतः बघा!’

आठवड्याने मुंबईहून दादा आला. तो भौतिकशास्त्रात क्वांटम विहिरींवर पीएच.डी. करत होता, घरात आम्ही कुणी त्याला त्याबद्दल कधी धड विचारलं नव्हतं. पत्रक वाचून तो आधी हसला, मग त्याने ते पुन्हा वाचलं.

“वाटलंस हे, पुढारीणबाई?”

“घरोघरी.”

“अगं, ती भेसळ नाही. तो दिवाच तसा असतो.”

पत्रकाच्या पाठीवर त्याने तीन थर काढले. मधला थर इतका पातळ, की केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एक. इलेक्ट्रॉन त्यात विहिरीत पडल्यासारखा अडकतो आणि तिथेच आपली ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. विहीर जितकी अरुंद, तितका रंग निळ्याकडे. त्यातला थोडा निळा ती पावडर गिळते, पिवळा करून बाहेर सोडते. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं.

“म्हणजे पावडर काढली की...”

“संपलं.”

दुसऱ्या दिवशी भर पावसात पाड्यावर गेले. काही दिवे नखाने आतली बारीक तार तुटून बंदच पडले होते, बाकीचे निळे. ब्लाउज शिवणाऱ्या एका काकींच्या कुडाच्या घराला खिडकी नव्हती. निळ्या उजेडात मशीन चालू होती. त्यांनी दोन रिळं माझ्यापुढे धरली.

“यातलं लाल कुठलं, सांग बाय.”

मला दोन्ही काळीच दिसली. दर रिळाचा रंग बघायला त्या उठून दाराच्या उजेडात जात होत्या. लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते, आणि एकावर चुकीचा धागा आधीच चालला होता.

“ती पावडर परत बसवता येते का गं?”

“नाही, काकी. आणि ते पत्रक मी लिहिलं होतं. माझं चुकलं.”

पायडल थांबलं. “तू? आम्ही म्हटलं, शिकलेल्या माणसाने लिहिलंय, म्हणजे बघूनच लिहिलं असेल.”

त्यांनी रिळांचा डबा माझ्याकडे सरकवला.

“जा, बस दारात. मी मागेन तो रंग दे.”

अंधार पडेपर्यंत मी दारात बसून होते. सात ब्लाउज बाकी होते, त्यातले दोन झाले.