सोयऱ्यांना टाळून पारोळा

अमळनेरहून पारोळ्याला जाणारी वाट सरळ आहे. मी जावयाला घेऊन त्या वाटेनं सायकलवर निघालो आणि दुपारी माझ्या बहिणीच्या घरामागे पोहोचलो. पारोळा तिथून अजून निम्मा बाकी होता.

झालं असं. लेक-जावई स्कॉटलंडात राहतात. हिवाळ्यात आले की जावईबापू ओसरीवर बसून तिकडचं कौतुक सांगतात. तिकडे म्हणे दोन जुनी गावं आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला शेताशेतातून खास सायकलची वाट. वळणावळणावर पाटी. लोक लांबून येतात, सायकल चालवतात, मेंढ्या बघतात आणि परत जातात. (मेंढ्या बघायला! आमच्याकडे त्या रस्त्यातून हटता हटत नाहीत.)

मी म्हटलं, ज्यांना वाट येत नाही त्यांना पाट्या लागतात. आमचं अमळनेर जुनं, पारोळ्याला तर किल्ला, मधे बोरी नदीकाठची गाडवाट. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढचं मास्तरांना जमलं नाही. पण या मुलखात मला कोणी वाट सांगायची नाही. उद्या किल्ल्यावर नेतो, फोन न बघता, कोणाला न विचारता.

आमची ही भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "वाटेत अक्का राहते."

तेच तर दुखणं. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या नातवाच्या लग्नात भोंग्यावरून मानाची नावं पुकारली, त्यात माझं नाव मंडपवाल्याच्या नंतर आलं. मी, नवरदेवाच्या बापाचा सख्खा मामा! तिथल्या तिथे चारचौघांत सांगून टाकलं, की या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून पाय ठेवला नव्हता.

सकाळी निघालो. जावयाच्या डोक्यावर हेल्मेट, खाली भाड्याची गिअरवाली सायकल. माझी सायकल माझ्या लग्नातली. अक्काचं गाव दिसायच्या आधीच मी नदीची वाट सोडून डावीकडे वळलो. जावई म्हणाले, वाट तर सरळ दिसतेय. मी सांगितलं, इकडून शोभा जास्त आहे. पुढे साडूचं गाव. साडू त्या लग्नात अक्काच्या बाजूनं बोलला होता, म्हणून उजवीकडे. मग थोरल्या मुलाची सासुरवाडी. तिथे भांडण नव्हतं, पण व्याह्यांच्या दारावरून रिकाम्या हातानं जाता येत नाही, आणि गेलं तर संध्याकाळपर्यंत उठता येत नाही. म्हणून पुन्हा उजवीकडे, हरभऱ्याच्या बांधावरून. (माणसानं एकाच तालुक्यात सोयरिकी करू नयेत. सरळ रस्ता उरत नाही.)

"नाना, फोन म्हणतोय आपण मागे चाललोय."

मी म्हटलं, तो फोन तिकडचा. त्याला तिकडचंच मागंपुढं कळतं.

मग बाभळीचा काटा माझ्या चाकात गेला, दुसरा जावयाच्या. सायकली ढकलत, ऊन डोक्यावर घेत आम्ही कपाशीतून निघालो. पोटात आग आणि तेवढ्यात वास आला. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा. भरीत! वाट चुकलेल्या खान्देशी माणसाला याहून चांगली पाटी नाही. वासाच्या मागोमाग एका घराच्या परसात शिरलो. चुलाण्यापाशी बसलेल्या बाईनं मान वर केली. अक्का!

"पुढल्या दारी लाज वाटनी का रे नाना?"

"मी आलेलो नाही," मी म्हटलं. "सायकल पंक्चर झालीय."

"बठा जवाईबापू," ती म्हणाली. "जो उना नही, त्याले भरीत बी नही."

जावई बसले. पुऱ्या आल्या, हिरव्या मिरचीचं भरीत आलं, वर कांद्याची पात. मी बांधाकडे तोंड करून उभा. इकडे माझा शब्द, तिकडे भरीत. शब्द बराच वेळ टिकला. म्हणजे जावयाची दुसरी पुरी संपेपर्यंत.

"बरं, आलो," मी म्हटलं.

"आसा चोरना मायक नही. पुढून ये."

मग काय! चोरासारखं मागून नाही म्हणजे नाही. पंक्चर सायकल हातात धरून, वळसा घालून, अख्ख्या गल्लीतून मी अक्काच्या पुढल्या दाराशी गेलो. ओट्याओट्यावर माणसं. जो तो विचारत होता, नाना, कोनाकडे? मी प्रत्येकाला सांगितलं, जावयाला गाव दाखवतोय. (जावई तेव्हा मागे चौथी पुरी खात होते.) दारात अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तो तिनं पुढे केला. डोळे पुसले, ते धुरानं. माझेही धुरानंच.

किल्ला राहिला. तो काय पळून जातो?

आता जावयाचे तिकडचे मित्र म्हणे याच वाटेनं सायकल चालवायला येणार आहेत, नकाशा मागितलाय. मी कळवलं, नकाशाचा काही उपयोग नाही. आधी माझ्यासारखं सोयऱ्यांशी भांडून घ्या. त्याशिवाय ही वाट सापडत नाही, सरळ पारोळाच येतो.