बोर्डापुढे दाखवलेला हात

कळंबोलीला खोक्यांचे पुठ्ठे कापायच्या कारखान्यात मी नऊ वर्षं मशीनवर होते. एका दुपारी पुठ्ठा अडकला, तो ओढायला गेले आणि मशीनचा दाब उजव्या हातावर आला. बोटं तुटली नाहीत. सगळे म्हणाले, नशीब थोर. पुढे कळलं, तुटली असती तर कागदावर सोपं गेलं असतं, कारण तुटलेल्या बोटाला किती अपंगत्व धरायचं हे ठरलेलं असतं. माझी बोटं जागेवर होती, फक्त वळत नव्हती.

तीन ऑपरेशनं कामगार विम्यातून झाली. मग सांगितलं की मेडिकल बोर्ड हात बघेल, अपंगत्व किती ते ठरवेल आणि त्यावर पेन्शन लागेल. बोर्डाची तारीख यायला वर्ष गेलं.

त्या वर्षात गव्हाणच्या घरी सासूबाई रोज सकाळी खोबरेल घेऊन माझं एकेक बोट चोळायच्या. नंतर मला भाकरी थापायला बसवायच्या. डाव्या हाताने थापायची, उजवा नुसता टेकवायचा. कित्येक भाकऱ्या फाटल्या, त्या त्यांनी स्वतः खाल्ल्या. पहिली धड भाकरी झाली तेव्हा त्या ती शेजारणीला दाखवून आल्या.

बोर्डाच्या आदल्या दिवशी नवऱ्याने बजावलं होतं, जे जमत नाही तेवढंच सांग. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. सकाळपासून बाकावर बसलो होतो, दुपारी नाव पुकारलं. आत तीन डॉक्टर. मूठ वळायला सांगितली, वळली नाही. पेन उचलायला सांगितलं, ते पडलं. मग एकाने विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं?

मी तोंड उघडायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "हीच करते. सगल्या घराच्या भाकऱ्या करते आता."

इतक्या अभिमानाने म्हणाल्या की मला मान वळवून त्यांच्याकडे बघवेना. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. एका भाकरीला किती वेळ लागतो, नंतर हात किती ठणकतो, हे सांगता आलं असतं. पण त्यांना खोटं कसं पाडू? आणि त्या खोटं बोललेल्याही नव्हत्या.

पत्र आलं तेव्हा अपंगत्व फारच कमी धरलेलं होतं. आत काय झालं, असं नवऱ्याने विचारलं. हात बघितला, एवढंच मी सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. तो बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मी बोलली म्हणून झाला का गो?"

"नाय आई. ते हात बघूनच ठरवतात."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या त्या स्वतः करू लागल्या आणि तेलाची वाटीही काढेनात. आठवडाभराने बोटं पुन्हा आखडली, तेव्हा मीच वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्यांनी हात मांडीवर घेतला.

अपील केलं. तारखा पडत राहिल्या. कधी साहेब रजेवर, कधी फाईल दुसऱ्या ऑफिसात. दोन वर्षांनी पुन्हा बोर्ड बसला. या वेळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, मी येत नाय. मी एकटी गेले आणि जे जमत नाही ते सगळं सांगितलं. वेणी, साडीच्या निऱ्या, बादली, कुलूप. सगळं खरं होतं. तरी बोलताना वाटत होतं, वर्षभर जे कमावलं ते मीच एकेक करून नाकारतेय. अपंगत्व थोडं वाढवून मिळालं. नवरा म्हणाला, चला, मिटलं.

मिटलं नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वेळी खिडकीतली बाई म्हणाली, सही जुळत नाही. जुनी सही उजव्या हाताची, अपघाताच्या आधीची. मी हात काचेला लावून दाखवला. तिने तो बघितला आणि म्हणाली, ते ठीक आहे, पण अर्ज द्यावा लागेल. मी बाजूला होऊन बाकावर बसले आणि डाव्या हाताने अर्ज लिहायला घेतला.