दिनेशच्या पाठीमागे

फोन आला तेव्हा मी देऊळघाटच्या शाळेत पोरांकडून लांब उडीचा खड्डा उकरून घेत होतो. "दिनेश गेला बे," गावाकडचा मित्र रमेश म्हणाला. "घाटात... गाडी ट्रकवर गेली." मी तिथंच मातीत बसलो. आणि त्या क्षणीही मनात आलं ते हे, की आता सारा जिल्हा पुन्हा याच्याबद्दलच बोलणार.

दिनेश आणि मी सोनाळ्याचे, एकाच वर्गातले, दोघंही आठशे मीटर पळणारे. मी पहाटे उठायचो, जपून खायचो, शिस्तीत पळायचो आणि दुसरा यायचो. तो आदल्या दिवशी कुणाच्या तरी वरातीत नाचून यायचा आणि सुरुवातीपासूनच जीव खाऊन सुटायचा. आता याचा दम संपणार असं मला वाटायचं... संपायचा नाही. मोटारसायकलही तशीच. वळणापलीकडचं दिसत नसताना पुढच्या गाडीला मागं टाकायचा. मागे बसून मी ओरडायचो, "काऊन घाई करून राह्यला बे?" तो हसायचा. "तू भेतं, म्हणून तर तू मागं राहतं!" ते टोचायचं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. शर्यतीहून घरी आलो की माझी आईसुद्धा आधी विचारायची, "दिनेश जिंकला ना?"

काही आठवड्यांनी दिनेशच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. रक्तात उत्तेजक औषधाचे अंश होते. ते कधी घेतलेलं, त्यामुळंच तोल गेला का, याबद्दल ठाम काही नव्हतं. पण लोकांना एवढं पुरलं. कालपर्यंत ट्रकवाल्याला शिव्या देणारे आता दिनेशला देऊ लागले. रमेशनं मला चहा पाजला. "म्हंजे सारे मेडल तुहेच होते ना बे!" तो चहा मला गोड लागला, खोटं कशाला बोलू...

परवा दिनेशच्या आईनं बोलावलं. त्याच्या खोलीत भिंतीवर नुसते खिळे होते. पदकं काकूंनी गोणीत भरून ठेवली होती.

"लोकं हासून राह्यले रे," त्या म्हणाल्या. "तू त्याच्यासंगं पळे. खरं सांग, माहं पोरगं दवाई घेऊनच जिंके काय? तसं असंन तर हे फेकून देऊ दे मले."

मी नुसता गप्प राहिलो असतो, तरी त्यांनी ती गोणी फेकली असती.

"काकू, आताचं मले ठाव नाही," मी म्हणालो. "पण आठवीत चप्पल तुटली तं तो अनवाणी पळाला, अन् मले मागं टाकलं. तवा कोणती दवाई होती? अन् गाडी तं तो शुद्धीतही तशीच हाणे. मी किती डाव मागं बसलो."

काकू रडल्या नाहीत. त्यांनी गोणी माझ्याकडं सरकवली. मी एकेक पदक खिळ्याला लावत गेलो. प्रत्येक शर्यत मला आठवत होती, प्रत्येकीत मला त्याची पाठच दिसली होती. भिंत भरली. काकू जमिनीवर बसून बघत राहिल्या.

"किती पळे ना रे माहं लेकरू!"

"हाव काकू," मी म्हणालो. मला अजूनही त्याचा हेवा वाटत होता.