कुसुमकाकूंचं ‘सब ठीक है’

गेल्या महिन्यात एका मंगळवारी कुसुमकाकूंना घेऊन इलाइट चौराह्याजवळच्या दवाखान्यात गेले होते. नेहमीचं बीपी तपासायला…

काकू ओरछा गेटपाशी एकट्या राहतात. काका रेल्वेत होते, ते गेले, मुलगा पुण्याला. झाशीतल्या आम्हा मूठभर मराठी घरांत काकू प्रसिद्ध त्या तक्रारींसाठी. नळाचं पाणी गढूळ, माझा चहा पांचट, गुडघा, दाढ, पित्त… ‘कुरकुरकाकू’ हे नाव मीच ठेवलं. सगळे पोट धरून हसले होते, आणि मला फार बरं वाटलं होतं.

गंमत म्हणजे ही कुरकुर फक्त मराठीत. गल्लीतल्या हिंदी शेजारणींपुढे काकू अगदी तृप्त. “परक्यांपुढे घरचं रडगाणं कशाला गायचं?” म्हणायच्या. आम्ही घरचे… म्हणून सगळं आमच्या कानांवर.

त्या दिवशी रिक्षात म्हणाल्या, “उजवा हात मधेच बधिर होतो गं. काल वाटीच निसटली. जीभही जड झाली होती जराशी…”

मी म्हटलं, “काकू, कोणता अवयव ठीक आहे तेवढंच सांगा. यादी लहान होईल.”

“तुझ्या जिभेला हाड नाही मेले,” म्हणाल्या. हसल्या. मग उजवा हात पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी विचारलं, “अम्माजी, और कोई तकलीफ?”

“नहीं भैया, सब ठीक है. बस, उमर हो गई.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मनात म्हटलं, चला, आज लवकर सुटलो…

शुक्रवारी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही.

आता मुलगा येऊन राहिलाय. भेटायला येणारे पलंगापाशी बसतात, हळूच म्हणतात, “किती शांत झाल्यात नाही काकू!” काल एकीने हेच म्हटलं, तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या. मी उठून कप गोळा केले.

डॉक्टरांना मी विचारलं, त्या दिवशी हाताचं सांगितलं असतं तर? म्हणाले, “अब क्या कहें, बहनजी…” भला माणूस.

घरी लोक अजून म्हणतात, काकूंनी वेळीच सांगायला हवं होतं. मी ऐकून घेते. काकूंनी सांगितलं होतं… ज्याला आपलं मानायच्या, त्या माणसाला.