भागीरथाबाईचा सोन्याचा दात

भागीरथाबाईचा एकही दात दुखत नव्हता. तरी ती महाल वस्तीतून पायी धंतोलीत आली आणि दातांच्या डॉक्टरसमोर आ करून बसली. साल एकोणीसशे छत्तीस. बाई साठीची, लोकांकडे पुरणावरणाचा स्वयंपाक करून पोट भरणारी. नवरा जाऊन पस्तीस वर्षं झालेली, पोटी मूल नाही, मागेपुढे कोणी म्हणून नाही.

मधुकरराव डॉक्टरांनी आरसा फिरवून पाहिला. "अहो बाई, दात तर ठणठणीत आहेत!"

"मले ठाऊक हाये. त्याच्यावर सोनं बसवा. दाढेवर, मांगं, कोनाले दिसू नये असं."

डॉक्टर हसले. कोणीही हसलं असतं म्हणा! सोन्याचा दात म्हणजे इतवारीतल्या शेटजींची मिजास. मोकळ्या कपाळाच्या सैंपाकीणबाईला कशाला हवा? पण माणूस भला. त्यानं नीट समजावलं. किंमत दातावर असते. दाढ मोठी, तिला सोनं जास्त. पुढचा दात बारीक, त्याला कमी. चिनीमातीचं काम हवं तर सामान विलायतेहून येतं, ते आणखी महाग. शिवाय दात घासून बारीक करायचा, ठसा घ्यायचा, तीन खेपा घालायच्या. ती मजुरी वेगळी.

"आणि चांगला दात घासायला माझा हात धजत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत तिचं डोरलं होतं, लग्नातलं. "सोनं माह्यं हाये. तुमी मजुरी सांगा."

डोरलं फोडलं तर आत निम्मी लाखच भरलेली! "दाढेला पुरणार नाही, बाई. पुढच्या दाताचं होईल."

भागीरथाबाईचं तोंड एवढंसं झालं. पुढचा दात! विधवेच्या तोंडात सोनं चमकलं तर गल्लीनं तिला जगू दिलं नसतं.

"कशासाठी हवं एवढं?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. मागच्या महिन्यात शेजारची रंभाबाई गेली. तिलाही कोणी नव्हतं. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालायचा असतो, पोरानं घालायचा. पाणी मिळालं, तुळस मिळाली. सोनं म्हणताच जमलेल्या बायांचे हात आपापल्या नथीवर गेले. रंभाबाई तशीच गेली.

"माह्या तोंडात कोन घालून राह्यलं, डाक्टरसाहेब? म्हनून आधीच घालून ठेवतो." बोलताना तिचे डोळे भरले, आणि त्याचा तिला भारी राग आला.

डॉक्टरांनी आरसा पुसून पुन्हा तिच्या तोंडात पाहिलं. मग म्हणाले, "बाजूचा एक दात आहे, दाढेच्या अलीकडचा. तेवढं सोनं पुरेल. पण हसलात तर दिसेल हं."

"मंग कोनालेच दिसत नाई."

तिसऱ्या खेपेला दाताची सोन्याची टोपी तयार झाली. बसवणार, तोच बाई म्हणाली, "थांबा जरासे." पदराच्या गाठीतून तिनं तुळशीचं पान काढलं आणि गंगाजलाची इवलीशी कुपी. "येवढं संगंच घाला. पोराचा हात समजून घेतो."

मधुकररावांनी हात पुन्हा धुतले. आधी पाण्याचा थेंब, मग पान, मग सोनं. बाईनं डोळे मिटून पान गिळलं.

झालं! सगळं उरकलं होतं. मजुरीचे बारा रुपये मोजून ती उठली. आता खुशाल मरायला हरकत नव्हती.

"आई, सहा महिन्यांनी दाखवायला या," डॉक्टर मागून म्हणाले. "विसरू नका, मी वाट पाहीन."

भागीरथाबाई पायरीवर थबकली. तिला 'परत या' असं कोणी म्हटल्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना. हे तर मोठंच लचांड झालं! आषाढ, श्रावण, भादवा... बोटांच्या पेरांवर सहा महिने मोजत ती महालाकडे निघाली, आणि वाटेत दोनदा तो दात लोकांना दिसला.