आईने समुद्रात डोळे उघडावेत म्हणून

प्रवासाचा निर्णय मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या बाकावर बसून घेतला. आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याचं दिसणं कडेकडेने कमी होत चाललंय, हे डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं त्यांना. थेंब रोज घाला. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही."

आईने त्या गोलाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "चाल, सौंदडची गाडी सुटून जाईन."

तिला नवेगावकडच्या त्या गाडीत बसवून दिलं आणि त्याच संध्याकाळी गोंदियाच्या माझ्या घरी मी अंदमानची तिकिटं बघायला बसले. आम्ही ढिवर. आईचं सगळं आयुष्य नवेगाव बांधच्या तलावात गेलं. मासे धरले, शिंगाडे काढले, छातीभर पाण्यात उभं राहून कमळकाकडी उपटली. पण तिच्या कामाचं पाणी म्हणजे काठचा चिखल आणि शेवाळ. पाण्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईने पाण्याखाली पोहणारा मासा कधी पाहिला नव्हता. डोळा आहे तोवर तिला तो एकदा दाखवायचा, एवढीच माझी इच्छा होती. आईवडिलांना घेऊन अंदमानला जायचा विचार असेल, तर हे सगळं वाचा आणि मग खुशाल एकटेच जा.

डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. पोहण्याचा घट्ट गॉगल नको, नाकासकट झाकणारा मोठा मास्क चालेल, खोल पाण्यातलं डायविंग अजिबात नको. थेंबांची एक बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून बर्फ घालून थर्मास घ्यायचा. २०१३ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी शिकवते ती शाळा बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं.

"येवढ्या दूर मासे पाहाले? घरी मासे नाईत का?" हा आईचा पहिला प्रश्न. तो फोनवर सात-आठ वेळा झाला. मग ती गोंदियाला आली ती एक गाठोडं घेऊन. त्यात वाळवलेले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी होती. किलोभर तरी असतील.

"माय, ते बेट आहे. चारी बाजूंनी समुद्र. तिथे मासेच मासे."

"ते त्यायचे मासे. आपले कुठं भेटतीन?"

गोंदियाचं एक बरं आहे, हावड्याची गाडी थेट मिळते. बाकी काही बरं नव्हतं. रायपूर येईपर्यंत अख्ख्या डब्याला झिंग्यांचा पत्ता लागला. वरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी विचारलं, "कुछ सड़ गया है क्या?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. आई शांतपणे म्हणाली, "सडलं नाई भाऊ, वाळलं आहे." आणि त्यांना मूठभर देऊ केलं. मी थर्मासमधलं वितळलेलं पाणी प्रत्येक मोठ्या स्टेशनवर ओतत होते आणि चहावाल्यांकडे बर्फ मागत होते. चहावाल्याकडे बर्फ मागणाऱ्या बाईकडे लोक कसं बघतात, ते मला आता पाठ आहे.

कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर विमानाने दोन तास. हॅवलॉकला जाणाऱ्या सरकारी बोटीचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा, ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा आणि रांगेत सकाळी लवकर उभे राहा. मी उशिरा गेले, म्हणून एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये वाया गेला. आईला त्याचं काही नव्हतं. ती धक्क्यावर बसून गरी टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे तीन तास बघत होती. मध्येच तिने त्याच्या हातातली दोरी घेतली, बोटावर धरली आणि मान वळवून माझ्याशी बोलत असतानाच झटका देऊन एक मासा वर ओढला. म्हाताऱ्याने तो तिलाच दिला. लॉजमध्ये शिजवायची परवानगी नव्हती. मी तो मासा परत देऊन आले, त्यावरून ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हॅवलॉकला जेटीपासून दहा मिनिटांवर झोपडीवजा खोल्या मिळतात. स्वच्छ होत्या. माशाची थाळी चांगली होती, पण आईचं मत वेगळं. "खोबऱ्यात काऊन बुडवला यायनं मासा? मासा चांगला नसन." आणि ती झिंग्यांची पुडी उघडायची.

आता मुख्य गोष्ट. एलिफंट बीचला बोटीने जायचं. आम्ही गेलो तेव्हा बोट आणि स्नॉर्केलिंग धरून माणशी सातशे-आठशे घेत होते. पाणी उथळ, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळ. आमचा वाटाड्या अनिल, चाळिशीचा, मिशीवाला. त्याचे आजोबा रांचीकडून जंगलकामाला आले, ते तिथलेच झाले. त्याचं हिंदी आणि आईचं आमच्या भागातल्या झाडीबोलीतलं हिंदी यांचं पहिल्या मिनिटापासून जमलं आणि माझ्याविरुद्ध दोघांची एक फळी झाली.

आईने कपडे बदलायला साफ नकार दिला. लुगड्याचा काष्टा आवळला आणि पाण्यात उतरली. वर लाईफ जॅकेट. दोन मिनिटांत तक्रार आली. "हे गाठोडं मले खाली जाऊच देऊन नाई राहिलं!"

"माय, ते त्याच्यासाठीच असतं!"

"बुडाच नाई तं पाण्यात कायले आलो?"

शेवटी मास्क लागला, नळी तोंडात गेली. अनिल तिचा दंड धरून तिला हळूहळू प्रवाळावर घेऊन गेला. मी मागे एका रबरी रिंगला लटकले होते. पाण्यात तोंड घातलं आणि खाली मासेच मासे. पिवळे पट्टेवाले, काळे-पांढरे, जांभळे, नखाएवढे निळे. एवढं सगळं बोटभर अंतरावर. मी वर येऊन आईला हाक मारणार, तर ती पाण्यात तोंड घालून निवांत तरंगत होती, अनिल बोटाने खुणा करत होता. मला वाटलं, झालं. आलो ते सार्थकी लागलं.

तेवढ्यात आईने पाण्यातून हात वर काढला. हातात काळपट, लिबलिबीत, काकडीएवढं काहीतरी. "हे काय वो? कमळकाकडीची बहीण दिसते."

अनिल किंचाळला. "छोड़ो, छोड़ो माताजी! जुर्माना हो जाएगा! उसको पकड़ना मना है!" समुद्रकाकडी होती ती. जिवंत. आईने ती जिथून उचलली तिथेच, अगदी जपून, परत ठेवली. तेही न बघता.

मग अनिल पोहत माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. "मैडम, एक बात बोलूँ? माताजी आँख बंद करके देख रही हैं. बीस मिनट से. मैं मछली दिखा रहा हूँ, वो देख ही नहीं रहीं."

मी मास्क वर करून आईला गाठलं. "माय! डोळे मिटून ठेवलेस?"

"मंग? पाण्यात डोळे उघडते का कोणी?"

खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं. आम्हा पोरांना पहिला धडाच तो. पाण्यात गेलं की डोळे मिटायचे. डोळ्यांत शेवाळ जातं, चिखल जातो, आणि मांगूर माशाचा काटा नजरेला आधी कळत नाही, बोटांना कळतो. मरळ कुठल्या बिळात आहे ते आईचे हात सांगतात. लहानपणी मी हे शंभरदा पाहिलेलं. तरी हजारो रुपये घालून, थर्मास सांभाळत तिला इथवर आणलं आणि एवढी एक गोष्ट सांगायची राहिली.

"अगं, तोंडावर काच आहे! पाणी जात नाही डोळ्यात!"

"सवय आहे," ती म्हणाली. आणि लगेच, "खाली कोणी फुटाणे खाऊन राहिलं होतं. कुडुम कुडुम. तुले नाई आयकू आलं?"

मी चिडले होते. म्हटलं, फुटाणे कोण खाणार समुद्रात, आणि बोटीत जाऊन बसले. खोलीवर आल्यावर नको ते बोलून गेले. की मी हे सगळं कशासाठी करतेय, की पुढच्या वर्षी तुला दिसणार नाही कदाचित, की एकदा तरी माझ्यासाठी डोळे उघड. 'दिसणार नाही' हा शब्द मी तोवर घरात कोणालाही उच्चारू दिला नव्हता. मीच तो सगळ्यात आधी बोलले. आई लुगडं पिळत होती. म्हणाली, "थेंब घालाची वेळ झाली ना?"

दुसऱ्या दिवशी माझं डायविंग ठरलेलं होतं. चार हजारांच्या वर गेले होते आणि ते परत मिळणार नव्हते, म्हणून गेले. नवशिक्यांना पाठीवर टाकी बांधून, मागून धरून, वीस-पंचवीस फूट खोल नेतात. पोहता नाही आलं तरी चालतं. कान मात्र जोरात दुखतात. नाक धरून फुंकर मारायला शिकवतात, ते घरीच शिकून घ्या. माझे कान मोकळेच होईनात. मी दोनदा वर आले. तिसऱ्यांदा खाली टेकले आणि भीतीने डोळे घट्ट मिटून घेतले.

तेव्हा ऐकू आलं. माझ्याच श्वासाच्या बुडबुड्यांच्या मधल्या फटीत. कुडुम. कुडुम. कुणीतरी खरंच फुटाणे खात होतं.

डोळे उघडले तर समोर हातभर लांबीचा एक मासा, चोचीने प्रवाळाचा दगड फोडत होता. काल मी असल्याच माशाच्या वरून गेले असेन, शेकडो मासे बघत, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

किनाऱ्यावर आई नारळपाणी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "माय, ऐकू आलं मला. फुटाणे."

ती एकदम सावरून बसली. "कोण होता?"

"मासा होता."

"तं कोणता? काय खाऊन राहिला होता?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. "नाही सांगत. स्वतः बघ."

"सांग ना वो!"

"नाही."

रात्री जेवताना तिने परत विचारलं. सकाळी चहाला विचारलं. पाणी बघितलं की आत काय खातं, कोण खातं, हे तिला कळायलाच हवं असतं. तिच्या पोटाचा तो धंदा होता. मी आयुष्यात आईशी एवढी ताठर कधी वागले नाही. दुपारी तीच म्हणाली, "त्या अनिलले फोन लाव."

परत बोट, परत तेवढेच पैसे. अनिलला मी सांगून ठेवलं, हात दाखवू नका, बोलू नका, फक्त आवाज येईल तिथे थांबा. आईने मास्क लावला. मी तिच्या समोरून पाण्यात तोंड घातलं, म्हणजे मला तिची काच दिसेल. डोळे मिटलेले. बराच वेळ मिटलेलेच. मी पाण्यातच तिच्यावर चिडत होते. मग तो आवाज सुरू झाला, आणि तिचा डावा डोळा उघडला. आधी किलकिला, मग पूर्ण. ती एवढी निश्चल झाली की अनिलने तिच्या हाताची नाडी चाचपली.

वर आल्यावर नळी काढून तिने पहिलं वाक्य म्हटलं, "येडा मासा आहे. दगड खाते."

"रंग कसा होता?"

"निळा. गालावर हिरवं. चोच पोपटाची." मग पाणी झटकत म्हणाली, "येकच दिसला. अनिल म्हणते शेकड्यानं होते. बाजूचे नाई दिसले मले."

समोरच्या एका माशासाठी मी तिला इथवर आणलं होतं आणि तो तिने पाहिला. तो आनंद मला हवा तसा करता येईना.

परतीचा प्रवास लिहीत नाही. बोट तीन तास उशिरा सुटली, बर्फ कुठेच मिळाला नाही, गाडी राऊरकेल्याला थांबून राहिली. एवढं सांगते, की लहान विमानतळावर वाळलेले झिंगे घेऊन जाऊ नका. उरलेली पुडी आईने हॅवलॉक सोडण्याआधीच अनिलच्या बायकोला दिली, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला.

जानेवारीतली तपासणी झाली. डॉक्टरांनी पुन्हा गोल काढला. आधीच्यापेक्षा लहान. त्यानंतरच्या रविवारी मी थेंबांच्या नव्या बाटल्या घेऊन नवेगावला गेले. आई ज्यांच्याकडे राहते ते दादा-वहिनी शेतावर होते. ओसरीवरून मला आई दिसली. डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून, ती चुलीकडून मागच्या दाराकडे चालत होती. ओठ हलत होते, पावलं मोजत असावी.

"माय! काय करून राहिली? दिसतंय ना अजून तुला?"

"दिसते ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हणून तं आता शिकून राहिली. मंग कोणाले इचारू?"

तिच्या वाटेत वहिनीने भरलेली बादली ठेवली होती. मी धावत जाऊन तिची कडी धरली.

"राहू दे तिथंच," आई म्हणाली. तिला आवाजावरून कळलं होतं. "रोज कोण उचलाले येणार आहे?"

मी कडी सोडली आणि बाजूला झाले. आईचं पाऊल पुढे सरकलं, अंगठ्याने बादलीचा काठ चाचपला, थांबलं, आणि मग सावकाश तिला वळसा घालून गेलं.